आरोग्य नियामक संस्थेत कर्मचाऱ्यांचा कारकीर्द विकास: तपासणीचा दर्जा खरोखर सुधारण्यासाठी टप्प्याटप्प्याने काय करावे

आरोग्यसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांमध्ये कर्मचारी विकासाची सुरुवात बहुतेकदा प्रशिक्षणाच्या वेळापत्रकाने होते. विषय ठरतात, वक्ते ठरतात, हजेरीपट भरतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. वर्ष संपल्यावर कुणीतरी विचारते की तपासणीत काय फरक पडला, आणि तेव्हा दाखवायला हातात फक्त प्रशिक्षणाचे तास असतात. प्रशिक्षण वाईट होते असे नाही. ते फार लवकर उरकले गेले. कोणते काम सुधारायचे हे ठरले नव्हते, आजची स्थिती नोंदवलेली नव्हती, आणि शिकलेले वापरायला कधी मिळणार हे कुणालाच माहीत नव्हते.

कारकीर्द विकासामुळे कामगिरी सुधारते, पण त्यासाठी चार गोष्टी एकामागून एक घडाव्या लागतात. माणूस नवे काही शिकतो. ते एखाद्या ठरावीक निर्णयात वापरतो. तो निर्णय कुणी जाणकार पाहतो आणि दुरुस्त करतो. आणि त्या कौशल्याला संस्थेत पुढे जागा आहे हे दिसल्यामुळे तो माणूस टिकून राहतो. यातले एक जरी सुटले तरी खर्च होतो आणि फळ दिसत नाही. खालचे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत. संस्था लहान असेल तर टप्पे आटोपशीर करा, पण पुढे-मागे करू नका.

## सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवे

चार गोष्टी गोळा करा.

१. गेल्या १२ महिन्यांतले तपासणी अहवाल. सगळे वाचायची गरज नाही. रुग्णालय, रक्तपेढी, प्रयोगशाळा, शुश्रूषागृह अशा प्रत्येक प्रकारातले काही अहवाल चिठ्ठ्या टाकून निवडा. पथकप्रमुखांना ‘चांगले अहवाल द्या’ असे सांगितले, तर तुमच्या हाती खरे चित्र येणार नाही.

२. अपिलात किंवा सुनावणीत टिकले नाहीत असे आदेश, आणि ते का टिकले नाहीत याची कारणे. अनेक संस्थांमध्ये ही फाइल विधी शाखेत पडून असते आणि तपासणी शाखेने ती कधी पाहिलेलीच नसते. कौशल्यातली उणीव शोधायला याहून चांगला कागद मिळणार नाही.

३. गेल्या काही वर्षांत कोण सोडून गेले, किती वर्षांच्या नोकरीनंतर गेले आणि कुठे गेले याची यादी. सगळे ठरावीक एकाच पदावरून, ठरावीक एकाच काळाने जात असतील, तर तिथे पुढची वाट बंद आहे असे समजा.

४. पदांची लेखी कर्तव्यसूची, आणि तिच्या शेजारी त्या पदावरचा माणूस आठवडाभर प्रत्यक्षात काय करतो याची नोंद. या दोन्हींत किती अंतर आहे ते आधीच पाहून ठेवा.

कागदांबरोबर दोन निर्णयही आधी घ्यावे लागतात. पहिला: या कार्यक्रमात उघड झालेली उणीव शिस्तभंगाच्या कारवाईत किंवा वार्षिक मूल्यमापनात वापरली जाणार नाही, हे वरिष्ठांच्या सहीनिशी लेखी जाहीर करा. नाहीतर कुणीही आपली कच्ची बाजू दाखवणार नाही, आणि जे मजबूत आहे त्याचीच उजळणी होत राहील. दुसरा: अनुभवी निरीक्षकांचा वेळ. शिकवणारा निरीक्षक स्वतःच्या तपासण्या तितक्या कमी करणार, त्यामुळे काही महिने तपासण्यांचा आकडा खाली येईल. नेतृत्वाला हे आधीच आकड्यात सांगा. ते मान्य नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला, कारण अर्ध्यावर बंद पडलेल्या कार्यक्रमानंतर कर्मचारी पुढच्या कार्यक्रमावर विश्वास ठेवत नाहीत.

तपासा: लेखी हमी सर्व निरीक्षकांपर्यंत पोचली आहे का? मार्गदर्शकांच्या वार्षिक उद्दिष्टातून मार्गदर्शनाचे दिवस वजा केले आहेत का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जा.

## टप्पा १: कामगिरी म्हणजे नेमके काय, ते लिहून काढा

सर्वात जास्त चुका इथेच होतात. देखरेखीच्या कामात सहज मोजता येतात त्या गोष्टी म्हणजे तपासण्यांची संख्या, सापडलेल्या त्रुटींची संख्या आणि बजावलेल्या नोटिसा. तिन्ही फसव्या आहेत. त्रुटींच्या संख्येवर बढती अवलंबून आहे असे कळले की निरीक्षक लेबलवरची तारीख, भिंतीवरचा फलक, रजिस्टरमधली सुटलेली सही अशा सोप्या त्रुटी गोळा करू लागतो. अतिदक्षता विभागातल्या संसर्गाचा माग काढायला अर्धा दिवस लागतो आणि त्यातून कदाचित एकच त्रुटी निघते. तो अर्धा दिवस मग कुणी देत नाही.

त्यापेक्षा पुढच्या प्रश्नांतून चार-पाच निवडा:

- गंभीर धोक्याची त्रुटी सापडल्यापासून किती दिवसांत आदेश निघाला?
- अहवालातल्या प्रत्येक निष्कर्षामागे पुरावा (कागद, छायाचित्र, मुलाखत, प्रत्यक्ष पाहणी) जोडलेला आहे का?
- एकाच आस्थापनेकडे दोन निरीक्षकांनी पाहिले तर त्यांचे निष्कर्ष जुळतात का?
- अपिलात किती आदेश टिकले?
- दुरुस्त झाली म्हणून बंद केलेली त्रुटी पुढच्या तपासणीत पुन्हा सापडली का?

शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वात मोलाचा, आणि सर्वात कमी विचारला जाणारा. त्रुटी कागदावर बंद होणे आणि वॉर्डात बंद होणे यांत फरक आहे. चांगला निरीक्षक तो फरक पहिल्याच पाठपुराव्यात ओळखतो.

सावधान: ही मोजमापे संघाची ठेवा, व्यक्तीची नको. ती निरीक्षकाच्या नावापुढे लावली की अवघड आस्थापना घ्यायला कुणी पुढे येणार नाही.

## टप्पा २: आजची स्थिती नोंदवा

कार्यक्रम सुरू झाल्यावर ‘आधी कसे होते’ हे आठवून लिहिता येत नाही. निवडलेल्या प्रत्येक मोजमापाचा आजचा आकडा तारखेसह लिहून सीलबंद करा.

निष्कर्ष जुळतात का हे मोजताना एक सापळा आहे. समजा दोन निरीक्षकांनी एकाच रुग्णालयाची ५० कलमे स्वतंत्रपणे तपासली. प्रत्येकाने ४५ कलमे ‘पूर्तता आहे’ आणि ५ ‘पूर्तता नाही’ अशी नोंदवली. ४२ कलमांवर दोघेही ‘आहे’ म्हणाले, २ कलमांवर दोघेही ‘नाही’ म्हणाले, उरलेल्या ६ वर मतभेद. म्हणजे ५० पैकी ४४ जुळली, ८८ टक्के. ऐकायला छान वाटते. पण बहुतेक कलमे ठीकच असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी बरेच काही जुळणार. या उदाहरणात निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळले असते. योगायोगाचा भाग वगळून जुळणी मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक वापरतात. इथे तो (०.८८ − ०.८२) ÷ (१ − ०.८२), म्हणजे सुमारे ०.३३ येतो. १ म्हणजे पूर्ण जुळणी आणि ० म्हणजे फक्त योगायोग, हे ध्यानात घेतले तर हा आकडा चिंतेचा आहे. गणित बाजूला ठेवून नुसते पाहिले तरी हेच दिसते: कुणा ना कुणाला खटकलेली कलमे एकूण ८, आणि त्यातली दोघांनाही दिसली फक्त २.

रुग्णालयाचे भवितव्य कोणता निरीक्षक आला यावर ठरत असेल, तर ती देखरेख नव्हे. म्हणून ही नोंद टाळू नका, निकाल कितीही अवघड वाटला तरी.

## टप्पा ३: पद बाजूला ठेवा, निर्णयांची यादी करा

‘वरिष्ठ निरीक्षक’ या पदासाठी प्रशिक्षण आखता येत नाही, कारण पद ही शिकायची गोष्ट नाही. त्या पदावर बसलेल्या माणसाला कोणते निर्णय घ्यावे लागतात, याची यादी करा. दोन उदाहरणे देतो.

रक्तपेढीतल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात हे नवा निरीक्षक पहिल्याच आठवड्यात शिकतो. नोंदवहीतले सगळे आकडे या मर्यादेत दिसतात, तो बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. मुरलेला निरीक्षक तीच वही हातात घेऊन थांबतो. महिनाभर प्रत्येक वेळी आकडा ४ च कसा? रात्रपाळीची आणि दिवसपाळीची नोंद एकाच हाताची, एकाच शाईची कशी? वीज गेली त्या दिवशीची नोंद काय सांगते? अलार्म शेवटचा कधी वाजवून पाहिला? पहिल्याला नियम येतो. दुसऱ्याला नोंद खरी आहे की नाही हे ठरवता येते. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे वर्गात बसून येत नाही.

वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्राचेही तसेच. यंत्राच्या छापील पट्टीवर १३४ अंश आणि ३ मिनिटे दिसली की काम झाले असे नवख्याला वाटते. पुढचे प्रश्न अनुभवाने येतात: जैविक निर्देशकाचा (जंतू खरोखर मेले का हे दाखवणाऱ्या चाचणीचा) निकाल कुठे नोंदवला आहे? शरीरात बसवायच्या इम्प्लांटचा संच तो निकाल येण्याआधीच शस्त्रक्रियागृहात गेला का? पाकिटावरचा लोड क्रमांक (यंत्रात एका वेळी घातलेल्या सामानाचा क्रमांक) रुग्णाच्या केसपेपरपर्यंत पोचतो का? उद्या एखादा लोड सदोष निघाला तर तो कोणकोणत्या रुग्णांना वापरला गेला हे रुग्णालय सांगू शकेल का?

अशा प्रत्येक निर्णयासाठी पाच पायऱ्या लिहा: दुसऱ्याला करताना पाहिले, मदतनीस म्हणून केले, देखरेखीखाली स्वतः केले, स्वतंत्रपणे करतो, इतरांना शिकवतो. प्रत्येक पायरीपुढे ती गाठल्याचा पुरावा काय, तेही लिहा. ‘विषयाची चांगली जाण’ हा पुरावा होत नाही. ‘तीन रक्तपेढ्यांच्या तपमान नोंदींची छाननी मार्गदर्शकाच्या समोर केली, मार्गदर्शकाच्या स्वतंत्र निष्कर्षाशी ती जुळली’ हा होतो.

यादी फार लांब करू नका. एका पदासाठी ४० निर्णय लिहिले गेले तर कुणीही ती यादी उघडणार नाही. ज्या निर्णयात चूक झाली तर रुग्णाला थेट इजा होऊ शकते, किंवा ज्यामुळे आदेश अपिलात पडतो, ते आधी घ्या.

तपासा: ही यादी मनुष्यबळ विभागाने एकट्याने केली आहे का? तसे असेल तर परत पाठवा. प्रत्यक्ष तपासणीला जाणाऱ्या किमान दोन निरीक्षकांनी प्रत्येक ओळ वाचलेली हवी.

## टप्पा ४: बढतीच्या दोन वाटा करा

बहुतेक नियामक संस्थांत वर जाण्याची वाट एकच असते: निरीक्षक, पथकप्रमुख, मग कार्यालयातले टेबल. परिणामी सर्वात तयार डोळा पाच-सात वर्षांत तपासणीतून बाहेर जातो आणि रजेचे अर्ज मंजूर करू लागतो. त्याच्या जागी नवा माणूस येतो, त्याला शिकवायला मैदानात कुणी उरत नाही. संस्थेने एक चांगला निरीक्षक गमावलेला असतो. बदल्यात चांगला प्रशासक मिळालाच असे नाही.

दुसरी वाट तज्ज्ञाची. प्रमुख निरीक्षक (संसर्ग नियंत्रण), प्रमुख निरीक्षक (रक्त व रक्तघटक), प्रमुख निरीक्षक (मानसिक आरोग्य) अशी पदे करा. वेतनश्रेणी आणि मान व्यवस्थापकाच्या बरोबरीचा, पण काम तपासणीचे: अवघड तपासण्या, शिकवणे, मार्गदर्शक तत्त्वे लिहिणे, सुनावणीत तज्ज्ञ म्हणून उभे राहणे. ‘बरोबरीचा’ हा शब्द इथे अक्षरशः घ्या. तज्ज्ञाची वाट एक पायरी खालीच संपत असेल तर ती सांत्वनाची वाट ठरते, आणि कर्मचाऱ्यांना ते लगेच कळते.

तज्ज्ञता पातळ झाली की काय होते याचे अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथल्या केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेचा डॉ. पेनी डॅश यांनी २०२४ मध्ये आढावा घेतला. संस्थेतली क्षेत्रनिहाय तज्ज्ञता मोठ्या प्रमाणात घटल्याचे त्यात नोंदवले गेले. आधी कधी रुग्णालयात गेलेच नाहीत असे निरीक्षक रुग्णालयाच्या तपासणीला आले, डिमेन्शियाच्या रुग्णाला कधी न भेटलेले निरीक्षक शुश्रूषागृहांची तपासणी करत होते, असे आढावा घेणाऱ्यांना सांगण्यात आले. ‘कुणीही कुठेही तपासणी करू शकतो’ ही रचना वेळापत्रक आखणाऱ्याला सोयीची वाटते. तपासणीसाठी ती घातक आहे.

नवी पदे निर्माण करायला मंजुरी मिळत नसेल तर निदान नेमणूकपत्रात विशेषज्ञता नोंदवा आणि त्या विषयाच्या तपासण्या त्या व्यक्तीशिवाय होणार नाहीत असा नियम करा. पैशाने नाही तरी अधिकाराने वाट तयार होते. अर्थात, हा तात्पुरता उपाय आहे. तो कायमचा झाला तर माणसे जातात.

## टप्पा ५: प्रत्येकाशी बोला, एक पान लिहा

वर्षातून एकदा मूल्यमापनाच्या दिवशीच कारकिर्दीवर बोलायचे ही पद्धत सोडा. गुण देण्याच्या बैठकीत माणूस स्वतःचा बचाव करत असतो, तो शिकण्याबद्दल मोकळेपणाने बोलत नाही. दोन्ही बैठकांत किमान काही महिन्यांचे अंतर ठेवा.

बैठकीतून एक पान निघावे: पुढच्या वर्षात कोणत्या दोन निर्णयांत पुढची पायरी गाठायची, त्यासाठी कोणत्या तपासण्यांना जायचे, मार्गदर्शक कोण, पुरावा काय. दोनच निर्णय. पाच लिहिले की पाचही राहतात.

कर्मचाऱ्याला दोन वाटांपैकी कोणती हवी हे विचारा, पण पहिल्या वर्षी उत्तर मागू नका.

## टप्पा ६: शिकवण्याचा क्रम पाळा

तपासणी संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत प्रशिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत: सुरुवातीची ओळख, अनुभवी निरीक्षकाच्या मार्गदर्शनाखाली काम, आणि पुढे बदलत्या तंत्राबरोबर चालू राहणारे शिक्षण. पहिला आणि तिसरा भाग बहुतेक ठिकाणी होतो, कारण ते वर्गात घेता येतात. मधला भाग वगळला जातो किंवा ‘दोन-तीन वेळा बरोबर जाऊन या’ इतक्यावर उरकला जातो. कौशल्य तयार होते ते मधल्याच भागात.

मधला भाग असा चालवा:

१. बरोबर जाऊन पाहणे. नवा निरीक्षक बोलत नाही, लिहितो. परत आल्यावर आधी तो आपले निष्कर्ष मार्गदर्शकाला देतो, मग मार्गदर्शक आपले दाखवतो. क्रम उलटा झाला तर तो मार्गदर्शकाचेच निष्कर्ष स्वतःचे म्हणून सांगेल, आणि त्यातही अप्रामाणिकपणा नसेल, कारण ऐकल्यावर ते खरेच ओळखीचे वाटतात.

२. एक भाग सांभाळणे. औषधसाठा किंवा जैववैद्यकीय कचरा यांसारखा मर्यादित भाग तो पूर्णपणे हाताळतो. मार्गदर्शक त्याच खोलीत असतो, मध्ये पडत नाही. अपवाद एकच: रुग्णाला तात्काळ धोका दिसला तर.

३. पूर्ण तपासणीचे नेतृत्व, देखरेखीखाली. सुरुवातीच्या बैठकीपासून शेवटच्या बैठकीपर्यंत. शेवटची बैठक विशेष लक्ष देऊन पाहा. रुग्णालयाचे ज्येष्ठ डॉक्टर निष्कर्षावर आक्षेप घेतात तेव्हा निरीक्षक पुराव्यावर ठाम राहतो का, आणि आक्षेप खरा असेल तर मान्य करतो का, हे दोन्ही तिथेच कळते.

४. सही. ‘स्वतंत्रपणे करू शकतो’ हे मार्गदर्शक आणि त्याशिवाय आणखी एक अनुभवी निरीक्षक, दोघांनी मिळून ठरवावे. सही आस्थापनेच्या प्रकारानुसार द्यावी. डायलिसिस केंद्रासाठी मिळालेली सही प्रयोगशाळेसाठी चालत नाही.

सावधान: चांगला निरीक्षक आपोआप चांगला मार्गदर्शक होत नाही. काही जण नवख्याच्या हातातून काम काढून घेतात, काही जण चूक दिसूनही संकोचाने गप्प बसतात. मार्गदर्शकांना प्रतिसाद कसा द्यायचा हे शिकवा, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना सन्मानाने या कामातून मोकळे करा.

बाहेरच्या मूल्यमापनाबद्दल एक सूचना. औषध नियामक यंत्रणांची परिपक्वता मोजणारे जागतिक आरोग्य संघटनेचे ग्लोबल बेंचमार्किंग टूल संस्थांना १ ते ४ अशा पातळ्यांत बसवते, आणि त्यात प्रशिक्षणाचा आराखडा व नोंदी यांची विचारणा होते. त्यामुळे आराखडा आणि नोंदवह्या तयार ठेवण्याची धडपड समजण्यासारखी आहे. पण त्या नोंदी वर सांगितलेल्या सह्यांच्या असू द्या. हजेरीच्या नोंदींनी प्रश्नाला उत्तर मिळेल, निरीक्षक घडणार नाही.

## टप्पा ७: निष्कर्ष जुळवण्याच्या बैठका

सही मिळाल्यावरही निरीक्षक हळूहळू आपापल्या सवयींकडे सरकतात. एक जण कागदपत्रांत रमतो, दुसरा वॉर्डात. म्हणून ठरावीक काळाने सर्वांना एकच प्रकरण द्या: छायाचित्रे, नोंदींच्या प्रती, मुलाखतीचे टिपण. नावे काढून टाकलेले खरे प्रकरण असेल तर उत्तम. प्रत्येकाने एकट्याने निष्कर्ष आणि गांभीर्याची पातळी लिहून द्यायची. चर्चा त्यानंतर.

चर्चेत सर्वात कनिष्ठाला आधी बोलू द्या. ज्येष्ठांनी सुरुवात केली तर उरलेले मान डोलावतात आणि बैठक वाया जाते.

मतभेद निघाला की पहिला प्रश्न ‘कोण चुकले’ हा नसावा. कलमाचे शब्दच संदिग्ध आहेत का, ते आधी पाहा. बऱ्याचदा तसेच असते, आणि मग प्रशिक्षण घेण्याऐवजी मार्गदर्शक सूचना दुरुस्त करावी लागते.

## टप्पा ८: स्वातंत्र्याला धक्का लागू देऊ नका

इतर कुठल्याही संस्थेत कर्मचाऱ्याला उद्योगाचा अनुभव मिळवून देणे हा निर्मळ विकास असतो. नियामक संस्थेत तसे नाही. निरीक्षक जितका तज्ज्ञ, तितका तो ज्यांची तपासणी करतो त्यांनाच हवाहवासा वाटतो. पुढची नोकरी तिथे मिळेल या आशेचा, नकळत का होईना, लेखणीवर परिणाम होतो.

- रुग्णालयात काही महिने प्रतिनियुक्तीवर पाठवणे शिकण्यासाठी उपयोगी आहे. पण परत आल्यावर त्या रुग्णालयाची आणि त्याच गटातल्या इतर रुग्णालयांची तपासणी त्या व्यक्तीकडे ठरावीक काळ देऊ नका. मुदत आधीच लिहून ठेवा.
- तपासणी होणाऱ्या संस्थांच्या पैशाने प्रशिक्षण, परिषद किंवा प्रवास घेऊ नका. ‘फक्त निवासाची सोय’ हाही पैसाच.
- एकाच आस्थापनेला सलग अनेक वर्षे तोच पथकप्रमुख नको. तज्ज्ञता टिकवण्यासाठी विषय तोच ठेवा, आस्थापना बदला.
- आधीची नोकरी, नातेवाइकांची नोकरी, गुंतवणूक यांची घोषणा दरवर्षी आणि प्रत्येक तपासणीपूर्वी घ्या.

टप्पा ४ मधली तज्ज्ञाची वाट इथेही कामी येते. आत पुढे जायला जागा असेल तर बाहेरच्या जागेचे आकर्षण कमी होते.

## टप्पा ९: परिणाम मोजा, पण घाई करू नका

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार भागांत पाहायला सांगितले: सहभागींना कसे वाटले, ते काय शिकले, कामावर त्यांचे वागणे बदलले का, आणि संस्थेच्या कामात फळ दिसले का. बहुतेक संस्था पहिल्यावरच थांबतात, कारण अभिप्रायाचे कागद त्याच संध्याकाळी मिळतात. तुम्ही टप्पा ३ ची पायरीनिहाय नोंद (दुसरा व तिसरा भाग) आणि टप्पा २ ची मोजमापे (चौथा भाग) आधीच तयार केली आहेत. आता ती पुन्हा घ्या.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, तुलना कुणाशी करता. स्वेच्छेने कार्यक्रमात आलेले निरीक्षक बहुधा आधीपासूनच होतकरू असतात. त्यांची तुलना न आलेल्यांशी केली तर फरक कार्यक्रमाचा आहे की माणसांचा, हे कळणार नाही. शक्य असेल तर कार्यक्रम सर्व पथकांत एकदम सुरू करू नका. काही पथके आधी, काही सहा महिन्यांनी, आणि क्रम चिठ्ठ्यांनी ठरवा. सर्वांना लाभ मिळतो आणि मधल्या काळात तुलनेसाठी पथके उरतात.

दुसरी, कधी पाहता. पहिल्या तिमाहीत अहवाल उशिरा निघतील, कारण लोक जास्त बारकाईने पाहत आहेत आणि ज्येष्ठ शिकवण्यात गुंतले आहेत. पुन्हा सापडणाऱ्या त्रुटी तर पुढची तपासणी झाल्याशिवाय मोजताच येत नाहीत. वर्षाच्या आत चौथ्या भागाचा निकाल मागू नका.

तिसरी, सापडलेल्या त्रुटी वाढल्या तर घाबरू नका. डोळे तयार झाले की आधी दिसत नव्हते ते दिसू लागते. रुग्णालये बिघडली असा त्याचा अर्थ नसतो. हे मंडळाला आणि माध्यमांना आधीच सांगून ठेवा.

### आकडे हलले नाहीत तर कुठे पाहायचे

शिकणे दिसते पण वागणे बदलले नाही: संधी तपासा. ज्या निर्णयाचे प्रशिक्षण घेतले त्या प्रकारच्या तपासण्या त्या व्यक्तीला मिळाल्या का? बहुतेकदा तपासण्यांचे वेळापत्रक आखणाऱ्या शाखेला विकासाचे ते एक पान कधी पोचलेलेच नसते. ते पान त्यांच्याकडे पाठवा. हा उपाय एका दिवसाचा आहे.

वागणे बदलले पण पुढे काही वर्षांत लोक सोडून गेले: टप्पा ४ कडे परत जा. तुम्ही लोकांना तयार केले आणि त्यांना ठेवायला जागा केली नाही.

वागणे बदलले, लोक टिकले, निष्कर्ष जुळू लागले, तरी त्याच रुग्णालयांत त्याच त्रुटी पुन्हा सापडतात: आता निरीक्षकांना आणखी शिकवू नका. आदेश निघायला किती दिवस लागतात, दंड किंवा परवाना स्थगितीचा अधिकार प्रत्यक्षात वापरला जातो का, पाठपुराव्याच्या तपासणीला मनुष्यबळ आहे का, याची तारीखवार टाचण तयार करा आणि निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. सोबत टप्पा २ चे आणि आजचे आकडे जोडा, म्हणजे ‘निरीक्षकच कमी पडतात’ या उत्तरावर चर्चा थांबणार नाही.